तीस मिनिटांत चौसष्ट

घोड्याची नाडी जबड्याखाली लागते. खालच्या जबड्याच्या हाडावरून एक शीर वळसा घेऊन गालाकडे जाते, तिच्यावर दोन बोटं अलगद ठेवायची आणि नजर घड्याळावर. हे मी नोकरीत इतक्या लोकांना करून दाखवलंय, की निवृत्तीनंतर एका लग्नाच्या पंगतीत विषय निघाला म्हणून शेजारच्या पाहुण्यांच्याच जबड्याखाली बोटं नेली. पाहुणे व्याह्यांच्या नात्यातले होते. तेव्हापासून लग्नकार्यात बायको मला आपल्या नजरेच्या टप्प्यात बसवते.

मी परभणी जिल्ह्यात गुरांचा डॉक्टर होतो. बोरी, पालम, सोनपेठ, गंगाखेड असा फिरत राहिलो. बदल्या कधी झाल्या आणि का झाल्या ते सर्व्हिस बुकात आहे, आणि त्यातलं 'का' तिथंही खरं लिहिलेलं नाही. संपादकांनी अनुभव लिहा म्हटलं, तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे अडलेल्या म्हशी आणि पोट फुगलेले बैल असावेत. म्हशी पुष्कळ अडल्या आणि पुष्कळ सुटल्या. पण या वयात आठवते ती एक टांग्याची घोडी, आणि तिच्याबाबतीत मी लिहिलेल्या दोन ओळी.

ऐंशीच्या आसपास आमच्या खात्यात कुणाला तरी असं वाटलं, की मराठवाड्यातल्या घोड्यांचा वंश सुधारला पाहिजे. मराठवाड्यात तेव्हा सुधारण्याजोगं इतरही बरंच काही होतं, पण सुरुवात घोड्यांपासून झाली. उत्तरेकडून ट्रकमध्ये बसून एक अरबी वळू घोडा परभणीला आला. सोबत त्याच्या सात पिढ्यांची नावं असलेला कागद होता. मला स्वतःला पणजोबांच्या पलीकडचं नाव सांगता येत नाही. त्याला हरभरा, गाजरं, उन्हाळ्यात खसाचे पडदे. लोक त्याला सरकारी नवरदेव म्हणायचे. खेड्यापाड्यांतून घोड्या त्याच्याकडे आणायच्या, होणाऱ्या शिंगरांची नोंद करायची, आणि शिंगरू पाच वर्षांचं झालं की त्याला दमाच्या शर्यतीत उतरवायचं, अशी ती प्रोत्साहन बक्षीस योजना होती.

बक्षीस म्हणजे एक ढाल आणि वर्षभराचा खुराक. दररोजचा हरभरा आणि कडबा सरकारी गोदामातून. शर्यतीत पास होणाऱ्या प्रत्येक घोड्याला खुराक, आणि पास झालेल्यांत जो पहिला येईल त्याला वर ढाल. दरवर्षी पुन्हा पास व्हायचं, म्हणजे पुढच्या वर्षीचा खुराक चालू.

फुकटचा हरभरा म्हटल्यावर जिल्ह्यातला प्रत्येक घोडा अरबी निघाला. पालमचे एक गृहस्थ गाढवाहून बोटभर उंच असं तट्टू घेऊन आले आणि त्याचा खापरपणजोबा निजामाच्या फौजेत होता म्हणाले. पुरावा म्हणून त्यांनी रेशमी रुमालात बांधलेला एक उर्दू कागद काढला. मी तो उर्दू शाळेतल्या मास्तरांकडून वाचून घेतला. ते कुणाच्या तरी निकाहचं आमंत्रण होतं. गृहस्थ डगमगले नाहीत. म्हणाले, "मंग त्या लग्नाला आमचा घोडा गेलता, एवढं तरी शाबित झालं की न्हाई?"

आता ही शर्यत काय होती ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. चाळीस किलोमीटरची दौड. गंगाखेडच्या बाजाराच्या मैदानातून निघायचं, पालमच्या रस्त्यानं वीस किलोमीटर जायचं आणि परत यायचं. इथपर्यंत सगळ्यांना समजायचं. पण मैदानात परत आल्यावर घोडा माझ्या ताब्यात. मी त्याच्या मानेची कातडी चिमटीत धरून सोडायचो. ती झटकन जागेवर बसली तर अंगात पाणी आहे. हिरडीवर अंगठा दाबून उचलायचो. पांढरा पडलेला ठसा लगेच गुलाबी झाला पाहिजे. चार पावलं पळवून लंगडतोय का बघायचो. आणि शेवटी नाडी. आल्यापासून तीस मिनिटांच्या आत तिचे ठोके मिनिटाला चौसष्टवर किंवा त्याखाली आले पाहिजेत. आले तर पास. पासष्ट असले, तर घोडा वाऱ्याच्या आधी आलेला असला तरी नापास.

मागचं गणित सरळ आहे. जो घोडा पळून आल्यावर लवकर शांत होतो, तो उद्याही पळू शकतो. अरबी रक्ताची खरी किंमत तिथंच कळते. पण हे समजावताना माझी नाडी चौसष्टच्या वर जायची. बोरीकडचे देशमुख, मोठे बागायतदार, मला म्हणाले, "डाक्टरसाब, तुमी घोड्याला पळायला बोलवायलाव का झोपायला?"

देशमुखांचा तुफान हा कुमैत रंगाचा, म्हणजे तांबूस अंगाचा आणि काळ्या आयाळीचा घोडा. आमच्या नवरदेवाचंच पोर, आणि देखणं. त्याला राखायला दोन माणसं होती, एक खराऱ्याला आणि एक माशा वारायला.

दुसरी घोडी देवरावची. देवराव गंगाखेड स्टेशनवर टांगा हाकायचा. भीमनगरात राहायचा, वयानं माझ्याहून चार वर्षांनी मोठा होता, तरी तो मला साहेब म्हणायचा आणि मी त्याला 'अरे देवराव' म्हणायचो. तेव्हा ते कुणालाच खटकायचं नाही, मलाही नाही. विद्यापीठाच्या नावावरून अठ्ठ्याहत्तर साली मराठवाडा पेटला, त्यानंतर बरेच दिवस काही सवाऱ्या त्याचा टांगा टाळून मागच्या टांग्यात बसायच्या. देवराव बिडी पेटवून म्हणायचा, "घोडीला आराम मिळायलाय, चांगलंच हाय की." पुढे मागचा टांगाच बंद पडला, आणि त्याच सवाऱ्या काही न बोलता पुढच्यात येऊन बसल्या.

देवरावच्या जुन्या घोडीला सरकारी नवरदेवापासून शिंगरू झालं, तेव्हा मी हजर होतो. पाय आधी आले होते आणि मान मागं वळलेली. खांद्यापर्यंत हात घालून मी ती सरळ केली. मादी शिंगरू निघालं. जन्मतः काळपट, पुढे वर्षावर्षानं पांढरं होत गेलं, म्हणून देवरावनं नाव ठेवलं साखरी. ती आईच्या टांग्यामागे पळत लहानाची मोठी झाली आणि चौथ्या वर्षी स्वतः टांग्याला लागली.

पण तोवर टांग्याचेच दिवस भरत आले होते. स्टेशनवर रिक्षा आल्या, जीपगाड्या आल्या. घोडी दिवसाकाठी चार फेऱ्या करायची ती एकीवर आली. रिक्षा उभी राहिली तर काही खात नाही. घोडी उभी राहिली तरी खाते. वीटभट्टीवाला एक जण साखरीला मागत होता. भट्टीवर घोडी गेली की तिचं काय होतं ते मी पाहिलेलं होतं आणि देवरावनंही. एका दुपारी तो दवाखान्यात आला आणि दारातच उभा राहिला.

"साहेब, त्या शर्यतीत टांग्याची घोडी चालती का?"

"नोंदलेली आहे. का नाही चालणार?"

"खुराक लागला तर ऱ्हाती माज्याकडं. न्हाई तर भट्टीवाला येयलाय आयतवारी."

मी अर्ज भरून घेतला. स्वार या रकान्यात त्यानं स्वतःचंच नाव सांगितलं. खोगीर नव्हतं. गोधडी चौघडी करून ती सुताच्या पट्ट्यानं बांधून तो बसणार होता. परिपत्रकात 'योग्य आसन' एवढंच लिहिलं होतं. गोधडी मी योग्य ठरवली.

शर्यतीच्या दिवशी बारा घोडे निघाले. अकरा चौखूर उधळले आणि साखरी दुडक्या चालीनं निघाली, जशी रोज स्टेशनवरून निघायची. देवराव पाठ ताठ ठेवून बसला होता आणि मागं सवाऱ्या असाव्यात तसा मधूनच वळून बघत होता. लोक हसले. मीही हसलो, पण टोपीच्या आड.

दोन-अडीच तासांनी पहिला आला तुफान. बाकीचे धुळीतही दिसत नव्हते. देशमुखांनी इंतजाम जय्यत ठेवला होता. परभणीहून आणलेला बँड, हलगीवाले, गुलालाची पोती, फटाक्यांच्या माळा. तुफान माझ्यापर्यंत पोचायच्या आत त्याच्या गळ्यात हार पडले, तोंडात पेढा कोंबला गेला, कपाळावर गुलाल आला, आणि त्याच्या दोन्ही कानांशी दोन हलग्या कडाडू लागल्या. पहिल्यानं नाडी बघितली तेव्हा ठोके शंभरच्या वर होते, ते साहजिक होतं. दहा मिनिटांनी नव्वद. वीस मिनिटांनी ब्याण्णव. मी देशमुखांना म्हणालो, "रावसाहेब, बाजा थांबवा. घोडा घाबरलाय."

"घाबरायलाय? खुशीत हाय तो! नाचायलाय बगा!"

घोडा चारी पायांवर थरथरत होता. मी पुन्हा सांगितलं, तेव्हा मी जळतोय असं त्यांना वाटलं आणि त्यांनी आणखी एक माळ लावायला सांगितली. तिसाव्या मिनिटाला शहाऐंशी. मी कागदावर 'नापास' लिहिलं. जिंकलेला घोडा सत्कारानं हरला, हे पुढे मी पुष्कळ ठिकाणी रंगवून सांगितलं. त्या क्षणी मात्र माझ्या भोवती तीस-चाळीस माणसं होती आणि रंगवण्याची हौस नव्हती. देशमुख माझ्या गळ्यातल्या तपासणीच्या नळीकडे बोट करून म्हणाले, "ही मशीनच बेइमान हाय."

दुसरा आलेला घोडा लंगडत आला. आणि तिसरी साखरी आली, निघाली होती त्याच चालीनं, घामानं काळवंडलेली, पण डोळा शांत. कातडी चांगली. हिरडी गुलाबी. पाय चारही सरळ. ठोके शहाण्णव. पुढचे दोघे बाद झाल्यामुळे आता ही पास झाली तर खुराकच काय, ढालही तिचीच होती.

भीमनगरातली माणसं तोवर मैदानाच्या कडेला, लिंबाखाली बसून होती. बायका, म्हातारी माणसं, दोन-चार मास्तर, जिल्हा परिषदेतला एक कारकून. साखरी आली तशी ती उठून धावत निघाली. मी हात वर करून ओरडलो, "कुणीही पुढं यायचं नाही! एक शब्द नको! आवाज झाला तर घोडी जाईल!"

आणि ती थांबली. आयुष्यात माझा हुकूम इतका तंतोतंत कुणी पाळला नाही. शे-दीडशे माणसं जागच्या जागी उभी राहिली. एका म्हातारीला खोकला आला तर तिनं पदराचा बोळा तोंडात धरला. तिकडं देशमुखांचा बँड पेट्या आवरत होता, तोही हे काय चाललंय म्हणून बघत गप्प झाला. भर बाजाराच्या मैदानात लिंबावरचे कावळे तेवढे ऐकू येत होते. मी स्वतःवर खूश होतो. तुफानाच्या वेळी जे जमलं नाही ते आता जमलं होतं.

दहा मिनिटांनी ठोके चौऱ्याऐंशी. पंधरा मिनिटांनी अठ्ठ्याहत्तर. वीस मिनिटांनीही अठ्ठ्याहत्तर.

साखरीनं मान वर ताणली होती. कान टवकारून ती एकदा इकडे बघे, एकदा तिकडे. नाकपुड्या फुगल्या होत्या. मी हातानंच माणसांना आणखी मागं सरकवलं. ती पावलं न वाजवता मागं सरकली. बावीस मिनिटांनी ठोके ऐंशी झाले.

देवराव इतका वेळ मी सांगितलेल्या जागेवर, दहा पावलांवर, हाताची घडी घालून उभा होता. तो हळूच जवळ आला.

"साहेब, ती भ्यालीय."

"कशाला? सगळं शांत आहे."

"त्येच्यामुळंच. तिनं असं कधी ऐकलंच न्हाई. टेशनावर जन्मली, टेशनावर वाढली. समदं गप झालं म्हंजी काय तरी इपरीत हाय, असं वाटायलंय तिला."

मी घड्याळाकडे बघितलं. सात मिनिटं उरली होती. डॉक्टरी पुस्तकात असं काही नव्हतं. मी म्हणालो, "मग काय करायचं?"

तो साखरीच्या डाव्या अंगाला, टांग्याच्या पायरीशी उभा राहायचा तसा, जाऊन उभा राहिला, आणि सगळ्या मैदानाला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडला, "ए स्टँड, स्टँड, मोंढाऽ! एक सवारी, एक सवारीऽ! चला मावशी, निगाली बरं का!"

लोक चमकले. मास्तरांनी माझ्याकडे बघितलं. मी मान डोलावली. मग पहिल्यांदा ती खोकल्याची म्हातारी तोंडातला पदर काढून पुढं झाली.

"मोंढ्याला किती घेणार रं?"

"रोजचंच की, मावशी."

"रोजचं न्हाई द्यायची. घोडी वाळलीय तुजी."

"घोडी वाळलीय अन् तुमी जाड झालाव, त्येचं कोण देणार?"

मैदान हसलं. पाठोपाठ एक जण म्हणाला, मला पुढं बसायचंय. दुसरा म्हणाला, बोचकं कुठं ठेवू. कारकुनानं शिट्टी मारली, अगदी गाडी सुटताना वाजते तशी. बायका सीटवरून भांडायला लागल्या, आणि त्या खऱ्याच भांडत असाव्यात इतकं ते रंगलं. कुणी तरी पत्र्याचा डबा बडवून चहा, चहा ओरडू लागलं. दीडशे माणसांनी मिळून बाजाराच्या मैदानात गंगाखेड स्टेशन उभं केलं, गाडी आल्याच्या वेळचं.

साखरीनं एक लांब श्वास सोडला. मान खाली आली. कान सैल पडले. मग तिनं मागचा एक पाय मोडून खूर टेकवला, टांग्याची घोडी सवारीची वाट बघताना टेकवते तसा, आणि डोळे अर्धे मिटले. मी जबड्याखाली बोटं ठेवली. बहात्तर. सहासष्ट. एकोणतिसाव्या मिनिटाला अठ्ठावन्न.

मी 'पास' म्हणालो ते त्या गोंगाटात कुणाला ऐकूच गेलं नाही. मला दोनदा ओरडावं लागलं. मग जे झालं त्याचं वर्णन करत नाही. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि मी ते धुळीमुळे आलं असं शेजारच्या कंपाउंडरला सांगितलं.

गर्दी ओसरल्यावर देशमुख माझ्याजवळ आले. आवाज चढलेला नव्हता, आणि तेच अवघड होतं. "डाक्टरसाब, एकच इचारतो. आमचा बाजा चालत न्हाई अन् ह्यांची बोंब चालती, हे कोणत्या कागदात लिवलंय?"

कुठल्याच कागदात लिहिलेलं नव्हतं. तसं बघितलं तर त्यांचा प्रश्न रास्त होता. घोड्याला आवाज चालतो की नाही हे घोड्यावर अवलंबून असतं, एवढंच त्याचं उत्तर. पण ते मला देवरावनं नुकतंच शिकवलं होतं, आणि देशमुखांना सांगायचं तर देवरावनं शिकवलं असं सांगावं लागलं असतं. मी म्हणालो, "अहवालात सगळं येईल."

अहवाल मी दुसऱ्या दिवशी लिहायला बसलो. खरं लिहायचं तर असं लिहावं लागणार होतं: तपासणी अधिकाऱ्याने शांततेचा आदेश दिल्यामुळे घोडीचे ठोके वाढले, आणि टांगेवाल्याने सवाऱ्या गोळा केल्यामुळे ते उतरले. हे वाक्य मी मनात दोन-तीनदा म्हणून पाहिलं. ते माझ्या साहेबांच्या टेबलावर, मग त्यांच्या साहेबांच्या टेबलावर गेलेलं पाहिलं. मग मी लिहिलं, 'तपासणीच्या वेळी संपूर्ण शांतता राखण्यात आल्याने ठोके अपेक्षेप्रमाणे खाली आले.' देशमुखांची तक्रार गेलीच तर देवरावचं बक्षीस त्यात अडकू नये म्हणून असं लिहिलं, अशी मी स्वतःची समजूत घातली. ते थोडं खरंही होतं. पण मग पुढची ओळ कशाला लिहिली? 'पुढील वर्षापासून अशी शांतता सक्तीची करावी, अशी शिफारस आहे.' अहवालाला शेवटी एक शिफारस लागते. ती नसली तर अधिकाऱ्यानं विचार केला नाही असं दिसतं.

देवरावला वर्षभर खुराक मिळाला. त्याबाबतीत खातं चोख निघालं. साखरीच्या अंगावर मांस धरलं. भट्टीवाला दुसरीकडे गेला. ढाल देवरावनं टांग्याच्या मागच्या फळीवर ठोकली होती, आणि ती बघायला म्हणून दोन-चार सवाऱ्या रिक्षा सोडून त्याच्याकडे यायच्या. माझ्या नोकरीत काही तरी चांगलं झालं असं मला तेव्हा वाटायचं, आणि स्टेशनवर काम नसतानाही मी तिकडून चक्कर मारायचो.

पुढच्या वर्षी शर्यतीच्या आठवडाभर आधी नवं परिपत्रक आलं. 'मागील वर्षीच्या तपासणी अधिकाऱ्यांच्या अहवालावरून' असं त्याच्या पहिल्याच ओळीत होतं. तपासणीच्या जागेपासून शंभर पावलांच्या आत मालक व तपासणी अधिकारी सोडून कुणी नको. बोलणं, वाद्य, कसलाही आवाज नको. आवाज झाल्यास घोडा बाद. या वेळी देखरेखीला वरून एक अधिकारीही येणार होता.

मी वरच्या साहेबांना जाऊन सांगायला हवं होतं, की ती ओळ चुकीची आहे. आठ दिवस हातात होते. मी पत्राचा मसुदाही केला. मग वाटलं, साखरी आता मैदानाला सरावली असेल. वाटण्याला काही आधार नव्हता.

सकाळी सगळ्या मालकांपुढे मी परिपत्रक वाचून दाखवलं. पहिली ओळ गाळली. वाचताना कागदातून मान वर काढली नाही.

तुफान त्या वर्षी पुन्हा पहिला आला. बाजा नाही, गुलाल नाही. देशमुखही, मालकाला मुभा असून, शंभर पावलांवर चप्पल काढून उभे. घोडा बाविसाव्या मिनिटाला साठवर आला. देशमुखांनी दुरून मला हात जोडले, आणि त्यांच्या तोंडावर इतका साधा आनंद होता, की मला त्यांचा रागही धरता आला नाही.

साखरी पाचवी आली, गेल्या वर्षीपेक्षा ताजी. सगळं चांगलं. ठोके नव्वद. आणि मग ती शांतता. भीमनगरातली माणसं लांब रस्त्याच्या पलीकडे उभी होती. वरून आलेला अधिकारी तपासणीच्या जागेभोवती बांधलेल्या दोरीबाहेर खुर्ची टाकून बसला होता, हातात घड्याळ. साखरीनं मान वर ताणली आणि आपली माणसं कुठं गेली ते शोधू लागली. वीस मिनिटांनी चौऱ्याहत्तर. देवराव तिच्या मानेवरून हात फिरवत होता. त्याचे ओठ हलत होते, आवाज नव्हता. सव्वीस मिनिटांनी अडुसष्ट.

तेव्हा त्यानं माझ्याकडे बघितलं आणि अगदी हलक्या आवाजात, जवळजवळ श्वासातच, विचारलं, "साहेब, हे वरून आलंय का वो?"

मी म्हणालो, "हो. वरून आलंय."

तो मान हलवून पुन्हा घोडीकडे वळला.

तिसाव्या मिनिटाला सहासष्ट. मी तीनदा मोजलं. तिसऱ्यांदा मोजताना मला चौसष्ट म्हणायचं होतं. शब्द ओठांवर आला होता. मग अधिकारी खुर्चीतून उठून जवळ आला, आणि मी सहासष्ट म्हणालो. आयुष्यभराचा सगळा प्रामाणिकपणा मी नेमका त्या दोन ठोक्यांवर दाखवला.

खुराक बंद झाला. दोन महिन्यांत देवरावनं टांगा मोडला. पुढच्या वर्षी योजनाही गुंडाळली गेली, आणि सरकारी नवरदेव पुन्हा ट्रकमध्ये बसून उत्तरेला गेला. साखरी भट्टीवर गेली नाही, परभणीच्या एका बँडवाल्यानं घेतली, एवढं मला कळलं. तेवढ्यावर मी स्वतःला बरं वाटून घेतलं. माझी सोनपेठला बदली झाली. स्टेशनचा रस्ता सुटला, ते एका परीनं सोयीचं झालं.

चौऱ्याण्णव साली, विद्यापीठाच्या नावाचा प्रश्न एकदाचा मिटला त्या वर्षी, परभणीला माझ्या पुतण्याचं लग्न होतं. मी डोक्याला फेटा बांधून वरातीत पुढे. उन्हं उतरली होती. ताशे, ट्रंपेट, फटाके, पोरांचं नाचणं. नवरदेवाची घोडी पांढरीशुभ्र, डोक्यावर तुरा, पाठीवर जरीची झूल. चौकात वरात थांबली, तेव्हा घोडीनं मागचा एक पाय मोडून खूर टेकवला.

मी गर्दीतून घोडीजवळ गेलो. लगाम धरून देवराव उभा होता. बँडवाल्याचा लाल कोट, सोनेरी बटणं, तो कोट त्याला ढगळ. घोडी विकताना त्यानं एकच अट घातली होती म्हणे, की तिच्यासोबत मलाही ठेवा.

मी साखरीच्या जबड्याखाली दोन बोटं ठेवली आणि घड्याळ बघितलं. चार हातांवर माळ फुटत होती. ट्रंपेटवाला तिच्या कानाशी फुंकत होता. पुतण्या वरून विचारत होता, "काका, काय झालं? आजारी आहे का घोडी?"

बेचाळीस. तबेल्यात निवांत उभ्या असलेल्या घोड्याचे असतात तेवढे.

"बेचाळीस," मी म्हणालो.

"लय खूश हाय ती हितं," देवराव म्हणाला. "रोज वरात. रोज गोंधळ."

मग मी सांगितलं. इतक्या वर्षांनी, त्या बाजाच्या कल्लोळात, त्याच्या कानाशी तोंड नेऊन. "देवराव, ते शांततेचं वरून आलं नव्हतं. मीच लिहिलं होतं."

त्याला आश्चर्य वाटलं नाही. त्यानं लगामाचा पीळ सरळ केला.

"म्हाईत हाय मला. तुमी कागद वाचायलाव अन् एकदा बी वर बगितलं न्हाई, तवाच वळखलं म्या."

"मग मैदानात मी 'वरून आलंय' म्हणालो तेव्हा का नाही बोललात?"

"बोललो असतो तर भांडण झालं असतं, साहेब. अजून चार मिनटं व्हती," देवराव म्हणाला. "तिचे ठोके वाढले असते."